उंद्रीच्या कडूबाची काकडी

उंद्रीच्या शिवारात काकडी म्हटलं की कडूबाचंच नाव निघतं. हिरवीगार, सरळसोट, एका मापाची. चिखलीचे व्यापारी त्याचं पोतं उघडूनसुद्धा पाहत नाहीत. गडी तसा भला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. देवाला भितो, जावयाला जरा जास्तच भितो.

जावई सागर चिखलीला मास्तर. वर्षभरात त्यानं घरची सगळी राहणीच बदलून टाकली होती. साखर बंद, मैदा बंद, रोज सकाळी सायकल. सुट्टीची सहल म्हणजे देवदर्शन नाही की लग्नकार्य नाही, नुसतं गावाबाहेर जाऊन झाडाखाली बसायचं. उन्हातान्हात फिरायला माणसं सुट्टी काढतात, हे कडूबाच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं.

त्या रविवारी जावईबापू घामानं निथळत सायकल घेऊन बांधावर उभा राहिला, तेव्हा कडूबा बघतच राहिला. दारात चारचाकी असताना जावई सासुरवाडीला सायकलवर येतो, हे गावानं पाहिलं तर काय म्हणेल? सोबत त्याच्या शाळेतल्या निवेदिता मॅडम, आणि त्यांच्या सायकलच्या मागच्या सीटवर त्यांची पाच वर्षांची स्वरदा.

"छाया काऊन नाही आली?" कडूबानं लेकीची चौकशी केली.

"सातवा महिना चालू आहे मामाजी. सायकलवर कशी येईल?" सागर हसला.

कडूबाची बायको सत्यभामाबाई चहा करायला घराकडं पळाली. जावयाला बिनसाखरेचा चहा द्यायचा, या विचारानंच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

कडूबाच्या मळ्यात विहिरीजवळ एक लहानसा वाफा आहे. त्यातल्या काकड्या वाकड्यातिकड्या, एखादी किडकीही निघते. त्यावर फवारणी होत नाही, कारण तो घरच्यासाठी. बाकीचं सगळं रान बाजारासाठी, आणि त्यावर दर आठवड्याला औषध. शेजारच्या दोन-चार मळ्यांतही असंच, म्हणून त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. छायाचं लग्न झालं त्यानंतर ही वाटणी सुरू झाली. तिच्यासाठीची पिशवी नेहमी विहिरीजवळच्या वाफ्यातूनच भरली जायची. का, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

"आज नाश्ता इथंच, थेट वेलावरून," म्हणत सागर बाजारच्या रानात शिरला.

कडूबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्या रानावर कालच संध्याकाळी औषध मारलं होतं. सांगावं, तर मॅडमसमोर जावयाची मान खाली जाणार. न सांगावं, तर... पुढचं त्याला मनातसुद्धा आणवेना.

"तिकडच्या तोडून देतो ना, विहिरीजवळच्या. त्या लय गोड हायेत," तो मागं धावला.

"त्या वाकड्या आहेत मामाजी. या बघा कशा आहेत," म्हणत सागरनं एक काकडी तोडली, शर्टाला पुसली आणि स्वरदाच्या हातात दिली. पोरीनं ती तोंडाशी नेली.

कडूबानं झडप घालून ती हिसकावली. पोर घाबरून रडायला लागली.

"कालच औषध मारलं हाये यायच्यावर," तो कसाबसा म्हणाला. "खाऊ नोका."

मग निवेदिता मॅडमनी हळूच विचारलं, "मग तुम्ही कुठली खाता, काका?"

कडूबानं विहिरीकडं हात केला. मॅडमनी तो वाफा पाहिला, मग एवढं मोठं हिरवंगार रान पाहिलं. तशाच त्या लेकीला घेऊन पंपाकडं गेल्या आणि तिचे हात धुवायला लागल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर कडूबाला बरं वाटलं असतं.

आता जावई भडकणार, म्हणून तो खाली मान घालून उभा राहिला. पण सागर मटकन बांधावर बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मामाजी, तुमची पिशवी चार दिवसांत संपते," तो म्हणाला. "सध्या सकाळी काकडीशिवाय छायाच्या पोटात काही ठरत नाही. मग ती बाजारात जाते. सगळी दुकानं सोडून तुमचं पोतं शोधते. माझ्या बाबाची आहे, धुवायचीसुद्धा गरज नाही, म्हणते."

कधीपासून, एवढंच कडूबाला विचारायचं होतं.

सागरनं खिशातून फोन काढला, छायाला लावला आणि सासऱ्याच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा तिला."

कडूबानं फोन कानाला लावला. तो काही बोलायच्या आतच तिकडून लेकीचा आवाज आला, "पोचले का मळ्यात? बाबाले सांगा, काल बाजारातून आणलेली काकडी लय गोड होती म्हणा."