तीस सेकंदांचं भाषण

उदगीरला आमच्या दोन घरांत मिळून एकच पेपर येतो. शेजारचे अण्णा आधी वाचतात आणि किराणा दुकान उघडायला निघताना मधल्या भिंतीवर ठेवून जातात. उडू नये म्हणून वर एक दगड. गेली दोन वर्षं तो दगड उचलताना मला लाज वाटायची. का, ते आज लिहूनच टाकतो.

अण्णा नगरपालिकेला अपक्ष उभे होते. गल्लीतल्या सभेत त्यांनी समोरच्या उमेदवाराची नक्कल केली, "नळ कशाला पायजे? टँकर हायच की!" लोक हसले. मग आपल्या आवाजात म्हणाले, "असं म्हणणाऱ्याला एक दिवस घागर घेऊन आमच्या रांगेत उभं करा." मी सगळं मोबाईलवर घेतलं आणि कौतुकानं स्टेटसला ठेवलं. स्टेटसला तीसच सेकंद बसायचे. नक्कल बसली, उत्तर बाहेर राहिलं.

घरी आल्यावर ते माझ्या लक्षात आलं. लगेच काढायला हवं होतं. पण ऑफिसातले, लातूरचे पाहुणे, एरवी ओळख न दाखवणारेसुद्धा मला विचारत होते, "अण्णा खरंच असं बोलले का हो?" मला एवढं कुणी कधी विचारलं नव्हतं. जेवण होईपर्यंत राहू दिलं. तेवढ्यात कुणीतरी ते उतरवून घेतलं, वर 'टँकरवाले अण्णा' असं लिहिलं आणि गावभर केलं. मी स्टेटस पुसलं. तोंड मात्र उघडलं नाही.

अण्णा पडले. जुनी गिऱ्हाइकंसुद्धा "काय टँकरवाले!" म्हणायची. ते हसून साखर तोलायचे.

परवा पेपर घ्यायला गेलो तर अण्णा भिंतीपाशीच उभे होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, तो व्हिडिओ माझा होता."

"ठाऊक हाय. फुडची खुर्ची तुलाच दिल्ती मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पेपर न्यायला आला असतास का?" पेपर माझ्या हातात देत म्हणाले, "पुरा हाय का तुझ्याकडं? शेवट म्याच बघितला न्हाई अजून."

होता. पुसायला हात धजला नव्हता. भिंतीवर पेपर अंथरून त्यावर मोबाईल ठेवला. नक्कल झाली, घागरीचं वाक्य आलं, आणि त्यामागून सगळ्यांत मोठ्यानं कुणीतरी ओरडलं, "वा, अण्णा!"

"वळखलास का आवाज?" अण्णांनी विचारलं.

आवाज माझाच होता.