नळी थंड असते

आमच्या घरात काळजी करणं हे बाबांचं खातं आहे. आई भांडते, बाबा काळजी करतात आणि मी दोघांवर चिडते. बाबा इथल्या स्टील प्लांटमध्ये रोलिंग मिलला फिटर होते. भंडाऱ्याकडून इथे आले, उभी नोकरी मिलमध्ये काढली आणि निवृत्त झाले तेव्हा दहाच्या दहा बोटं शाबूत होती. याचं श्रेय ते देवाला देत नाहीत (आमच्या घरात देव नाहीतच), हुशारीलाही देत नाहीत. "मी रोज भेऊन ड्यूटी केली," असं ते पाहुण्यांना छाती काढून सांगतात. निवृत्तीनंतर ती भीती नुसती बसून होती. मी पीएचडीला लागले आणि तिला पुन्हा काम मिळालं.

माझं काम हातभर लांबीच्या काचेसारख्या क्वार्ट्झच्या नळीत चालतं. नळीच्या मधोमध स्टीलची सळई, बाहेरून गुंडाळलेली जाळी आणि मधल्या पोकळीत साबुदाण्याएवढे, तांबं चढवलेले दाणे. हे दाणे म्हणजे कॅटलिस्ट. एका तोंडाने कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सोडायचा आणि सळईला हजारो व्होल्ट द्यायचे. वायूचे तुकडे होतात, त्याचा प्लाझ्मा होतो, जांभळट उजेड पडतो आणि दाण्यांवर ते तुकडे नव्याने जुळून थोडं मिथेनॉल तयार होतं. पलीकडे बर्फात ठेवलेल्या बाटलीत त्याचे थेंब जमतात. एरवी मिथेनॉल करायचं म्हणजे मोठी धग हवी आणि प्रचंड दाब हवा. आमच्याकडे वीज फक्त इलेक्ट्रॉनांना भडकवते, वायू कोमटच राहतो. ज्या गावात सगळं तापवूनच होतं तिथे मी भट्टी न पेटवता काहीतरी करायला निघाले होते, आणि तेही धुरात जाणारा वायू परत कामाला लावून. मला याचा भारी तोरा होता.

घरी मात्र रोज उलटतपासणी. आईला एकच शंका, "चटका बसन असं काही हाय का थितं?"

"नाही गं आई, नळी थंड असते."

"थंड वस्तू काम कशी करंल?" बाबा मध्येच. "आन हायड्रोजन कावून पायजे? दुसरा गॅस नाई भेटत का तुमाले?"

मी हसण्यावारी न्यायची. खरं तर सकाळी लॅबमध्ये गेल्यावर माझं पहिलं काम म्हणजे नळ्यांच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बसणं. गळती असेल तर तिथे बुडबुडा फुगतो. एखादा जरी फुगला तरी मी सगळे जोड सोडून नव्याने आवळायची, आणि एकही फुगला नाही तर आपल्याला दिसला नसेल असं वाटून मी पुन्हा सगळ्या जोडांना पाणी लावायची. हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांची मुलगी आहे हे कबूल करायची लाज वाटायची.

मग सर, म्हणजे माझे गाईड, म्हणाले की आता लांब रन घ्यावी लागेल. दाणे ताजे असताना कुणीही मिथेनॉल काढेल. ते दमतात की टिकतात हे नळी दिवसरात्र सलग चालवल्याशिवाय कळत नाही आणि ते कळल्याशिवाय थीसिसला अर्थ नाही. दिवसाची पाळी दुसरा स्कॉलर करणार होता, रात्रीची माझी. महिनाअखेरपर्यंत झाली नाही तर नळी पुढच्या विद्यार्थ्याकडे जाणार होती.

बाबांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "रातच्या पाळीले पोरगी एकटी गॅसपाशी? जमत नाई."

मी भांडले, अबोला धरला, एक दिवस जेवले नाही. आईने त्यांचीच री ओढली. चार वर्षांचं काम हातातून जाताना दिसत होतं आणि मला रडूही येत नव्हतं, नुसता संताप येत होता. शेवटी बाबाच म्हणाले, "मले दाखव आंधी. मी पायल्याबिगर नाई."

कोहक्यातल्या घरून हुडकोमार्गे आम्ही स्कूटरवर लॅबकडे निघालो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट आणि प्लांटचे जुने सेफ्टी शूज घातले होते. ते बूट पाहून मला हसू आलं आणि थोडं भरूनही आलं. सरांना त्यांच्या येण्याचं कोण कौतुक! "आइए अंकल, आपकी बेटी का कमाल देखिए," म्हणत त्यांनी दिवे घालवले. नळी ॲक्रिलिकच्या पेटीत असते. पेटीची झडप उघडली की वीज आपोआप बंद व्हावी असं बटण आम्ही बसवलेलं, पण ते उगाचच्या उगाच वीज तोडायचं म्हणून सरांनी मागच्याच आठवड्यात ते टेपने दाबून टाकलं होतं. उजेड नीट दिसावा म्हणून त्यांनी झडप वर केली. मी पलीकडे मीटरपाशी होते.

बाबा वाकले. जांभळा उजेड त्यांच्या चष्म्यात उतरला होता. ते नळीकडे बघत नव्हते, सळईकडे बघत होते. फिटरच्या नजरेला आडवी सळई म्हणजे शाफ्ट, आणि शाफ्टच्या टोकाशी बेअरिंग असायचंच. मिलमध्ये बेअरिंग तापलं का हे उलट्या हाताने बघतात. तळहात टेकवायचा नाही, करंट असला तर मूठ आवळते. हात हळूहळू जवळ न्यायचा आणि धग लागली की थांबायचं.

बाबांचा उलटा हात सळईच्या टोकाकडे निघाला. धग लागेना, म्हणून आणखी जवळ गेला. त्या टोकाला हजारो व्होल्टची उघडी क्लिप होती. तिला हात लागावा लागत नाही, तिच्या जवळ गेलं तरी पुरतं.

"हात मागं!"

हे मी ओरडले हे मला नंतर कळलं. मधल्या टेबलावरून झेपावून मी त्यांच्या मनगटावर असा फटका मारला की त्यांचं घड्याळ निखळून खाली पडलं. सरांनी स्विच बंद केला. 

बाबा मनगट चोळत क्लिपकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "किती होता?"

मी सांगितलं. त्यांनी घड्याळ उचलून खिशात घातलं.

"अरे, कुछ नहीं हुआ, कुछ नहीं हुआ," सर हसायला लागले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाच्या सहीवर माझी डिग्री अवलंबून आहे त्याला मी तोंडावर म्हणाले की टेप निघेपर्यंत आणि बटण दुरुस्त होईपर्यंत मी रन सुरू करणार नाही. सर गोरेमोरे झाले आणि "ठीक है, कल करवाते हैं" म्हणाले.

परतीच्या वाटेवर बाबा मागे बसले होते. येताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, आता त्यांनी स्कूटरचं मागचं हँडल धरलं होतं. मी मनात वाद जुळवत होते: बटण दुरुस्त होईल, झडप बंद असेल, कोणी उघडणार नाही. प्रत्येक मुद्द्यावर त्यांचं उत्तर मला आधीच ऐकू येत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हणावं असंही मला आतून वाटत होतं. मलाही त्या खोलीत रात्री एकटीने बसायची भीती वाटत होती, फक्त ती त्यांच्या तोंडून यायला हवी होती.

आई दारातच उभी होती. "पायली का मशीन?"

बाबा खुर्चीवर बसून बुटांची लेस सोडू लागले. "पायली. थंडच हाय. मी सोता हात लावून पायला."

सिक लीव्हच्या अर्जात पोटदुखीऐवजी ताप लिहायला ज्या माणसाला कधी जमलं नाही, त्याने हे बोलताना मान वर केली नाही.

"खरंच?" आई म्हणाली. "मंग जाऊ द्याचं तिले?"

"जाऊ दे. रातचा डबा करून देजो."

ते उठून मागच्या बेसिनकडे गेले. आई माझ्याकडे वळली. "खरंच थंड हाय न वं?"

"हो आई," मी म्हणाले. "थंड असते."

तिच्या खांद्यावरून मला बेसिन दिसत होतं. बाबांनी नळ सोडला होता आणि एका हाताने दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता, तरी त्याची थरथर थांबत नव्हती. डबा शोधायला आई मागे वळणार, तेवढ्यात मी पुढे होऊन, तिला बेसिन दिसणार नाही अशी मागच्या दारात उभी राहिले.