लेकीच्या घरचं पाणी आणि अमेरिकेचा व्हिसा

आमचे बाबा लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत.

यात विशेष काही नाही. आमच्याकडे बऱ्याच घरांत हे पाळतात. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचा घास नाही, घोट नाही. माझी धाकटी बहीण शीतल रिसोडला सासरी होती तेव्हा बाबा तिला भेटायला जायचे ते मोटरसायकलच्या हँडलला पाण्याची बाटली लटकवूनच. जेवायची वेळ झाली की जावयालाच सोबत घेऊन स्टँडवरच्या हॉटेलात जायचे आणि बिल स्वतः द्यायचे. (शीतलने घरी केलेला स्वयंपाक मग मी जेवायचो. भावाला हा नियम नाही, याची मी गावातल्या चार जाणत्यांकडून खात्री करून घेतली होती.)

रिसोडला हे जमतं. पण आमचे जावई संदीपराव कंपनीच्या कामाने अमेरिकेत टेक्सासला गेले, मागून शीतलही गेली, आणि तिकडे तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण डॉक्टरांनी तिला विमानाला मनाई केली. फोनवर शीतल रडायला लागली तशी आई म्हणाली, "रडू नोको वो! तुह्यानं माहेरी येनं होत नाई, तं माहेर तिकडं घेऊन येतो मी!"

आता माहेर तिकडे न्यायचं म्हणजे पासपोर्ट, व्हिसा आणि कागदपत्रं. इथे माझा प्रवेश होतो.

आमच्या खानदानातला पहिला पदवीधर मी. बी.ए., तेही इंग्रजी घेऊन, वाशीमच्या कॉलेजातून! दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे आणि नावापेक्षा मोठ्या अक्षरात पदवी आहे. गावात कोणाच्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, फवारणीच्या डब्यावरची सूचना काय म्हणते, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. आईबाबांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. तेव्हा दुभाषी म्हणून मीही अमेरिकेला जायचं ठरलं. (ठरवलं मीच.)

पहिली अडचण फोटोची. व्हिसाच्या फोटोत डोकं उघडं पाहिजे, चष्मा नको, हसायचं नाही. वाशीमच्या फोटो स्टुडिओत बाबा टोपी घालून टेबलासारखे ताठ बसले.

"काका, टोपी काढा."

"कायले? कोनी मेलं काय?"

मी समजावलं, "बाबा, अमेरिकेचा नियम हाये."

"त्याईच्या देशात गेल्यावर पाहू. अजून तं मी वाशीमात हावो!"

शेवटी टोपी मांडीवर ठेवून फोटो निघाला. त्यात बाबांचा चेहरा खरोखरच कोणी गेल्यासारखा आला. आईचा त्याहून वाईट. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदर उतरवल्यामुळे तिने डोळेच मिटून घेतले होते. पाचव्या वेळी डोळे उघडले, तर ती हसली. "कान दिसले पाहिजेत" असं फोटोवाल्याने म्हटल्यावर ती म्हणाली, "लगनाच्या येळी एवढं नवतं पाह्यलं रे बाप्पा कोनं मले!"

दुसरी पायरी कागदांची. इथे मी माझं सगळं शिक्षण पणाला लावलं. सातबारा, आठ-अ, रेशन कार्ड, विजेचं बिल, गावात राहत असल्याचा दाखला, म्हशीच्या विम्याची प्रत. लग्नाचा पुरावा मागतील म्हणून मी आईला तिच्या लग्नाचा फोटो मागितला. ती तडकली, "दोन लेकरं दिसत नाईत काय त्या मानसाले?" त्याखाली माझ्या पदवीचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका, आणि कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धेचं तिसऱ्या क्रमांकाचं बक्षीसपत्र. सर्वात वर, सोन्याच्या दागिन्यासारखं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं संदीपरावांचं पत्र: 'माझे सासू-सासरे माझ्या घरी राहतील, त्यांच्या प्रवासाचा, राहण्याचा व जेवणाखाण्याचा सर्व खर्च मी करीन.' फॉर्म भरताना मी हेच वाक्य डोळ्यांसमोर ठेवलं. पत्र इंग्रजीत असल्यामुळे बाबांना वाचून दाखवायची काही गरज मला वाटली नाही.

मग अंगणात मुलाखतीचा सराव सुरू झाला. मी खुर्चीवर बसून अमेरिकेचा अधिकारी व्हायचो. समोर आईबाबा उभे.

"काहून चाल्ले?"

"बाळंतपनाले," आई.

"परत येसान काय?"

"याच लागते ना बाबू," बाबा म्हणायचे. "तुरी कोन सोंगीन?" (सोंगणं म्हणजे पीक कापणं.)

"बाबा! तुरी-फुरी नाई सांगायच्या! अमेरिकेचा अधिकारी हाये तो, अडत्या नाई. फक्त 'यस सर' म्हना."

"अन् त्यानं इचारलं, तुमी चोर हा काय?"

मी सराव थांबवला. सगळं इंग्रजी मीच बोलेन, तुम्ही नुसते उभे राहा, असं ठरलं.

तेवढ्यात माझ्या मित्रांनी घात केला. आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावच्या बसस्टँडसमोर एके सकाळी भला मोठा फ्लेक्स झळकला! 'गजाननभाऊ, बी.ए. (इंग्रजी), यांना अमेरिका दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा!' मध्ये मी, गॉगल लावून, हात उंचावून. मागे विमान. विमानाच्या शेपटाशी पासपोर्टच्या आकाराचे आई आणि बाबा. (फोटो मीच दिला होता. पण गॉगल त्यांनी लावला.) व्हिसा अजून मिळायचा होता, पण शाल-श्रीफळ मिळून गेलं. देवळापुढे सत्कार झाला. मी वीस मिनिटं भाषण केलं आणि त्यात "तिकडे गेल्यावर आपल्या तालुक्याला विसरणार नाही" असंही म्हणालो!

पोळा झाला आणि मुलाखतीची तारीख आली. मुंबईला गेलो. अमेरिकेच्या वकिलातीच्या दारावर फोन काढून घेतला, बाबांची चुन्याची डबी काढून घेतली, आईच्या पिशवीतून भाकरीची गठडी बाहेर आली. माझी फाइल मात्र आत सोडली. दोन्ही हातांत धरावी लागत होती अशी ती फाइल होती.

काचेमागे एक गोरी मॅडम होती. मी घसा साफ केला, तोंडात पहिलं इंग्रजी वाक्य तयार ठेवलं. ती हसली आणि म्हणाली,

"नमस्कार. आपण अमेरिकेला का जात आहात?"

मराठी! पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, माझ्या सरांनाही न जमलेलं मराठी! माझं वाक्य तोंडातच राहिलं आणि आई पुढे सरकली.

"नमस्कार वो बाई! लेकीचं बाळंतपन हाये. पयलंच."

"किती दिवस राहणार?"

"सव्वा महिना होऊ द्या लागीन. मंग बारसं. मंग याच लागते बापा. म्हैस देरानीजवळ ठेवून चाल्ली, पन ते माह्याबिगर कोनाले पान्हा सोडत नाई."

मी काचेवर फाइल टेकवली. दारावरच्या तपासणीत कागद खालीवर झाले होते आणि म्हशीच्या विम्याचा कागद नेमका वर आला होता. मॅडमने फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाबांकडे वळली.

"सर्व खर्च आपले जावई करणार आहेत. बरोबर?"

मी बाबांच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

"कोन म्हनते?"

"फॉर्ममध्ये तसं लिहिलं आहे."

"कोनं लिवलं?"

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आई मात्र अभिमानाने म्हणाली, "यानंच! बी.ए. हाये!"

"मॅडम, ॲक्च्युअली, माय फादर मीन्स..." मी सुरू केलं.

"त्यांना बोलू द्या," मॅडम म्हणाली.

मग बाबा बोलले. "जवायाचा रुपया घेत नाई मॅडम आमी. तिकिटाले धाडले होते त्याईनं, म्या वापस केले. तुरी इकल्या अन् तिकिटाची सोय केली. लेकीच्या घरचं पानीबी पीत नाई मी."

मॅडमचे हात कीबोर्डवर थांबले. "पाणीही नाही?"

"नाई."

"मग टेक्सासमध्ये पाणी कुठून पिणार?"

"इकत घेईन! दुकानं असतीन ना तिकडं?"

"आणि जेवण?"

"पीठ घेऊन चाल्लो," आई म्हणाली. "ज्वारीचं. अन् तुरीची दाय. गॅस तेवढा लेकीचा वापरू, त्याचं काई नाई."

माझ्या हातातली फाइल घामाने ओली झाली. एका बाजूला जावयाचं सही-शिक्क्याचं पत्र आणि दुसऱ्या बाजूला ते खोटं पाडणारे दस्तुरखुद्द सासरे! मला शीतल दिसायला लागली. एकटी, दवाखान्यात, आईशिवाय. आणि कारण काय, तर भावाने फॉर्म भरला!

"हे किती दिवस चालणार?" मॅडमने विचारलं.

"लेकरू होईस्तोवर," बाबा म्हणाले. टोपी त्यांनी कधी काढून छातीशी धरली होती ते मला कळलंच नाही. "नातू होवो का नात, एकडाव तोंड पाह्यलं का मंग पोरीच्या हातचं पयलं पानी पेतो. त्याच्यासाठीच तं चाल्लो मॅडम. अन् तुरी सोंगाच्या आत घरी."

मॅडमने कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं. मग तिने दोघांचे पासपोर्ट आपल्याकडे सरकवून ठेवले आणि म्हणाली, "तुमचा व्हिसा मंजूर आहे. मुलीला शुभेच्छा सांगा."

मी फाइल उचलली. तेवढ्यात तिने विचारलं, "आणि आपण? आपण का जात आहात?"

"टू इंटरप्रेट, मॅडम! देअर लँग्वेज प्रॉब्लेम..."

ती आईबाबांकडे पाहून हसली. "आमचं तर छान बोलणं झालं. आपण काय काम करता?"

"प्रिपेअरिंग फॉर कॉम्पिटिटिव्ह एक्झाम्स."

"म्हणजे नोकरी नाही. लग्न?"

मी काही बोलण्याआधीच बाबा माझ्या मदतीला धावले. पोराची बाजू पडते आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि बापाचं काळीज ते!

"मॅडम, लय हुशार पोरगा हाये हा! आमच्या घरान्यात पयला शिकला. इंग्रजी तं फाडफाड बोलते. इकडं याच्या शिक्षनाची कदर नाई. तिकडं कुठंबी कामाले लावा, निभावून नेईन!"

"अन् इकडं शेतकऱ्याच्या पोराले पोरगीबी कोनी देत नाई वो," आईने भर घातली. "शीतलले म्हटलं हाये, तिकडंच एखादी पाहून ठेव म्हनून!"

माझा पासपोर्ट काचेखालून परत आला. सोबत एक छापील कागद होता. इंग्रजीत. आमच्या तिघांत तो फक्त मलाच वाचता येत होता, आणि तो माझ्यासाठीच होता.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "काय लिवलं हाये त्याच्यात?"

"असं लिहिलंय की मी परत येईन असा त्यांना भरवसा वाटत नाही. मायदेशात माझं काही घट्ट गुंतलेलं आहे हे मला दाखवता आलं नाही म्हणे."

बाबांनी चुन्याची डबी परत घेतली, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "बराबरच लिवलं! कवाचा सांगून राह्यलो तुले, वावरात ध्यान दे!" दोन पावलं चालून ते थबकले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पन बरं झालं देवा. सोयाबीनची लय कायजी होती मले. आता तू हायेसच घरी!"

गावाकडे परतताना मालेगावच्या स्टँडसमोर मी गॉगल लावून मलाच निरोप देत होतो. आठवडाभर मी मालेगावला जायचं टाळलं. गेलो की कोणीतरी विचारायचंच, "कवा आले भाऊ अमेरिकेहून?"

आईबाबा गेले. दुभाषी लागला नाही. शीतलने तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवली होती. "माह्ये पाय काय तुटले?" म्हणून बाबा आधी भांडले आणि मग थेट विमानाच्या दारापर्यंत नवरदेवासारखे बसून गेले. विमानतळावर ढकलणाऱ्या माणसाशी त्यांची इतकी गट्टी जमली, की आमच्या तुरीच्या भावाची चौकशी तो आजही फोनवर करतो.

दसऱ्याच्या सुमाराला शीतलला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मी वावरात होतो. सोयाबीन सोंगून गंजी लावली होती आणि वर आभाळ भरून आलं होतं. फोन वाजला. व्हिडिओवर आधी एक लालबुंद इवलासा चेहरा दिसला, मग शीतलचा हात, हातात स्टीलचा पेला. बाबांनी पेला दोन्ही हातांनी घेतला, डोळे मिटले आणि एका दमात रिकामा केला. मग बाबांनी तोंड पुसलं, डोळेही पुसले आणि म्हणाले, "गोड हाये वो पानी. दे अजून!"

आईने फोन आपल्याकडे ओढला. "गजू, आभाय दिसून राह्यलं मांगं! गंजी झाकली काय?"

"झाकली."

"कशानं? ताडपत्री तं फाटली होती ना?"

मी मुकाट्याने फोन गंजीकडे वळवला. सगळ्या गंजीवर मी पसरलेलो होतो, हात उंचावून, गॉगल लावून, हार्दिक शुभेच्छांसह. विमानावर दोन कोंबड्या बसल्या होत्या.

टेक्सासमध्ये हसण्याचा एकच कल्ला उठला. काल जन्मलेली भाचीसुद्धा दचकून रडायला लागली.

आता त्या मॅडम भेटल्या तर मला एवढंच सांगायचं आहे, की मायदेशात माझं याहून घट्ट गुंतणं शक्य नाही. चारी कोपऱ्यांना दगड ठेवलेत!