अनुभवाचा रकाना

झेरॉक्सच्या दुकानात शेजारच्या बाई बायोडेटा टाइप करून घेत होत्या.

"अनुभव?" दुकानदारानं विचारलं.

"तीन वर्षं अंथरुणावरच्या सासूबाईंचं सगळं केलं. ते लिहा."

"ते चालत नाही, ताई." तो हसला. मीही हसलो.

"का? काम नव्हतं का ते?"

माझ्या हातात माझा बायोडेटा होता, प्रिंटरमधून नुकताच निघालेला, अजून कोमट. लकव्यानं पडलेल्या वडिलांना मी दोन वर्षं भरवलं, कुशीवर वळवलं. त्या वर्षांपुढे मी लिहिलं होतं, ‘स्वतंत्र सल्लागार’. सल्लागार! कुणी कसला सल्ला विचारला होता मला? वडील मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला अडखळत, पण अभिमानानं सांगायचे, "हा माझं सगळं करतो."

बाईंना दिसू नये म्हणून मी कागद उलटा धरला.