उशिराचं कारण

"'बरा हाय' हे काय उत्तर नाय, मॅडम," फोनवर हात ठेवून आमचे कारकून मला म्हणायचे. मग पलीकडच्या माणसाला विचारायचे, "शर्टाची बटणं स्वतः लावतो का?"

मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा येतो, एखाद्याचा फुटतो, आमचे सर्जन तो बंद करतात. त्यानंतर कोणाचं वाईट होणार हे आधीच ओळखता यावं म्हणून मी अभ्यास करत होते, आणि आमचे हे कारकून त्याचे फॉर्म भरत. वय, बीपी, तंबाखू, आणलं तेव्हाची शुद्ध आणि डोकं दुखायला लागल्यापासून वाया गेलेले तास. सहा महिन्यांनी फोन करून एकच खूण करायची, चांगला किंवा वाईट. माणसाच्या उरलेल्या आयुष्याला आम्ही दोन चौकोन पुरेसे धरले होते.

साहेबापेक्षा साहेबाचं काम जास्त मनावर घेणारा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. हे रोज फुलंब्रीहून एसटीनं येत आणि नुसता फॉर्म वाचून सांगत, "हा वाईटात जाणार." बहुतेक वेळा तसंच व्हायचं. मला राग यायचा, कारण माझा अभ्यास अजून चालूच होता.

'उशिराचं कारण' हा रकाना त्यांनी स्वतः आखून घेतला होता. त्यासाठी नातेवाइकांची उलटतपासणी व्हायची. पित्ताची गोळी कोणी दिली, दृष्ट काढण्यात किती वेळ गेला, सगळं. एका म्हाताऱ्याला त्यांनी रडवलं तेव्हा मी रागावले. ते शांतपणे म्हणाले, "कारण लिहिलं नाय तर पुढच्याला कसं कळंल?"

एका दुपारी शेजाऱ्यांनी जीपमधून कारकुनांच्याच बायकोला आणलं. बेशुद्ध. फॉर्म दुसरं कोणीतरी भरेल म्हटलं, तरी तो त्यांनीच भरला. एकूण एक उत्तर वाईट. तास, नऊ. कारणापुढे नेहमीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'सकाळीच सांगितलं होतं. नवऱ्यानं पित्त म्हणून सोडून दिलं. नवरा कामावर.' तो कागद बाजूला ठेवावा असं मला फार वाटलं.

बाई वाचल्या. यांनी नोकरी सोडली. सहा महिन्यांनी तो फोन करायला कार्यालयात कोणी तयार होईना, म्हणून मीच फुलंब्रीला गेले.

बाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. चालतात, आपल्या हातानं जेवतात. माझा अंदाज चुकला होता आणि त्याचा मला आनंद झाला. मी 'चांगला'वर खूण केली. कारकुनांनी ती चष्मा लावून तपासली.

"नियमाला धरून हाय," ते म्हणाले. "फक्त त्या सकाळच्या पुढचं तिच्या ध्यानात राहत नाय. त्याला तुमच्याकडं चौकोन नाय."

तेवढ्यात बाईंनी मान वर केली. "अहो, निघा की. बस चुकंल. डोकं काय, जरासं दुखतंय."

त्यांनी माझा फॉर्म खाली ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"आज जात नाय मी," ते म्हणाले. "सांग, कुठं दुखतंय?"