पाण्याच्या पानावरची हळद

मी हातमोजे घालत नाही. म्हणजे इतर वेळी घालते, पण पानात द्रव भरताना नाही. साताऱ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत सर यावरून माझ्यावर किती वेळा वैतागलेत त्याला गणती नाही. पण ज्याचं त्यालाच कळतं. तंबाखूचं कोवळं पान उलटं करायचं, सुई काढलेली सिरिंज त्याच्या पाठीला टेकवायची आणि दुसऱ्या बाजूनं बोटाचा आधार द्यायचा. जास्त दाबलं की पान फाटतं, कमी दाबलं की सगळं बाहेर ओघळतं. द्रव आत पसरला की बोटाला गारवा लागतो, आणि तो रबरातून कळत नाही.

त्या द्रवात असायच्या कार्बनच्या नळ्या. एका केसाच्या जाडीत हजारो मावतील इतक्या बारीक. नुसती नळी पाण्यात मिसळत नाही आणि जनुकालाही धरत नाही, म्हणून तिच्यावर एक लेप चढवायचा. मग जनुक तिला चिकटतं आणि ती त्याला घेऊन पेशीची भिंत ओलांडते. ओलांडावी, अशी अपेक्षा. आमचं जनुक चमकीचं होतं. ते आत पोचून कामाला लागलं, तर दोन-तीन दिवसांनी निळ्या प्रकाशाखाली पान हिरवं चमकायला हवं. दोन वर्षं मी नुसता अंधार बघत होते आणि प्रकल्पाची मुदत महिन्यावर आली होती.

आईला एकदा हे सगळं समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हंजे पानाला बी लस देतीस व्हय?"

"तसंच समज."

"मग चमकतंय का?"

"न्हाई."

"मग सोड की गं."

आई आष्ट्याला असते. धाकट्या बहिणीचं लग्न तिथंच होतं. मी तीन दिवसांची रजा टाकून, नवी साडी पिशवीत घालून गेले. माझा नवरा लष्करात होता. चार वर्षांपूर्वी त्याची गाडी दरीत कोसळली. तेव्हापासून मी कुठल्या कार्याला गेले की बायका माझ्याशी भलत्याच मायेनं बोलतात. कोणी 'तू येऊ नकोस' म्हणत नाही, तसं म्हटलं तर भांडता तरी येईल. हळदीच्या दिवशी सवाष्णी पाटाभोवती जमल्या तशी आईच मला म्हणाली, "तू दमली असशील गं. आत बस जा."

मी दमले नव्हते. पण बसले आत, पोत्यावर, नारळांच्या शेजारी. बाहेर गाणी चालली होती.

थोड्या वेळानं बहीण आत आली. पाटावरून उठून, तोंडभर हळद घेऊन, मागं सगळ्या बायका. "आक्का, तुझी राहिलीया," म्हणाली. मी म्हटलं, "अगं येडी का काय तू?" तिनं ऐकलंच नाही. माझे दोन्ही हात धरून आपल्या गालांवर घासले, मग तिच्या हातांवरची उरलेली हळदही माझ्या हातांना चोळली. मला रडू यायच्या आत बायका बाजूला सरकल्या. आई दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. रागानं नव्हे, ती घाबरली होती. एका पोरीचं वाईट झालं, आता दुसरीचं नको, एवढंच तिच्या डोक्यात असणार. हे मला कळत होतं आणि तरी मला तिचा भयंकर राग आला.

"तुजी रोपं हायती न्हवं साताऱ्याला?" ती म्हणाली. "गाडी चुकंल."

मी पिशवी उचलली. साडीची घडीसुद्धा मोडली नव्हती. उंब्रजला एसटी चहासाठी थांबली तेव्हा सगळे उतरले, मी एकटीच आत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी करायचं काय? खोलीवर बसून भिंती बघायच्या? गेले प्रयोगशाळेत. हात साबणानं चारदा धुतले होते, तरी नखांच्या कडा पिवळ्याच होत्या. तिकडे अक्षता पडत असतील त्याच सुमाराला मी शेवटच्या रोपांची पानं भरली. एक, दोन, तीन. बोटाला गारवा लागत गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं पहिलं पान मोठ्या भिंगाखाली ठेवलं आणि निळा प्रकाश लावला. हिरवं होतं! इथं, तिथं, कडेला, हिरवे ठिपकेच ठिपके. मी खुर्चीवरून उठले, परत बसले, परत बघितलं. आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी पहिला फोन आईला लावला.

"आई, चमकलं!"

"काय सांगतीस! कवा भरलं हुतंस?"

"लग्नादिवशी. हळदीच्या दुसऱ्या दिवशी."

तिनं पुन्हा एकदा दिवस विचारून घेतला. मग रडायलाच लागली. "म्हंजे तुज्या हातात काय वाईट न्हाई गं. मी उगाच भ्याले. लय चुकले. रविवारी पोरगी माघारी येतीया. तिची वटी तूच भर."

चार वर्षांत मला कोणी कुणाची ओटी भरायला सांगितलं नव्हतं. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टींना काडीची किंमत देत नाही असं चारचौघांत ठणकावून सांगणारी. आणि प्रयोगशाळेबाहेरच्या बोळात भिंतीला कपाळ टेकून हमसाहमशी रडले.

डोळे पुसून सरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "छान. पाण्याचं पान बघितलंत ना?"

दर वेळी एका पानात नुसतं पाणी भरतो. ना नळ्या, ना जनुक. ते काळंच राहायला हवं. ते राहिलं, तरच दुसऱ्या पानाच्या चमकीला अर्थ. ते पान मी बघितलं नव्हतं.

या वेळी लहान भिंग लावलं, सगळं पान एकदम दिसावं म्हणून. पाण्याचं पानही चमकत होतं. मधोमध एक लांबट गोल, आणि त्यात एकाआड एक बारीक वळणं. माझ्या बोटाचा ठसा होता तो. हळद निळ्या प्रकाशात चमकते हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलींना दरवर्षी मीच ते दाखवते. पहिलं पान स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून पुन्हा ठेवलं. अंधार. नेहमीचा, दोन वर्षं ओळखीचा.

सर म्हणाले, "ठीक आहे. झालं ते तसंच लिहून ठेवा." त्यांच्यापुरतं ते तिथं मिटलं.

आईला सांगितलं नसतं तर कुणाच्या बापाला कळणार होतं? मी शनिवारपर्यंत तेच घोकत होते. साडी, खण, नारळ, तांदूळ, सगळं आणून ठेवलं. पण ओटी भरताना आई माझ्या हातांकडं बघणार आणि तिला ते चमकलेलं पान आठवणार, हे काही डोक्यातून जाईना. मला पानाच्या वशिल्यानं जायचं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शनिवारी दुपारी मी फोन केला.

"आई, ते पान चमकलंच नव्हतं. माझ्या बोटाची हळद होती ती. त्या दिवशीची."

"म्हंजे काम झालंच न्हाई?"

"न्हाई."

पलीकडं कुणीतरी भांडी विसळत होतं. मी वाट बघत राहिले. 'न्हाई तर न्हाई, तू ये' एवढं ती म्हणाली असती तर मी त्याच पावली स्टँडवर गेले असते.

"बरं," आई म्हणाली. आवाज अगदी मायेचा होता. "तू दमली असशील गं. एवढ्या लांब कशाला येतीस? सवडीनं ये."

"व्हय आई," मी म्हटलं. "लय दमलीया."