मधलीचा ग

मास्तरांच्या नवशिक्यांच्या वर्गाला त्या वर्षी पितळी वाद्यांचं कुटुंब तीनदा भेटलं. पहिल्यांदा मुलांनी वहीत ट्रम्पेटचं चित्र काढलं, दुसऱ्यांदा त्यात पिवळा रंग भरला. तिसऱ्यांदा मास्तर फळ्याकडे वळून "तर ट्युबा म्हणजे या घरातले आजोबा" असं म्हणाले, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मास्तर, आजोबांना आता जरा पडू द्या. दमले असतील."

बोलल्या त्या नर्सबाई. चाळीस वर्षं दवाखान्यात इतरांच्या नाड्या मोजून निवृत्त झाल्यावर त्यांनी मात्रा मोजायला शिकायचं ठरवलं होतं. वर्गातली बाकीची डझनभर पोरं त्यांच्या नातवंडांच्या वयाची. बाक लहान असल्यामुळे नर्सबाई एक पाय बाहेर काढून बसत, आणि येणारा-जाणारा त्या पायाला अडखळला की त्याच्याकडेच रागाने बघत.

वर्ग हसला. मास्तरही हसले, पण ते हसू खडूच्या भुकटीसारखं उडालं आणि लगेच खाली बसलं.

खरं कारण मास्तरांच्या पातळ पुस्तकात होतं. त्यात सहा धडे: स्वर, लय, विराम, वाद्यं, कालखंड आणि माणसाचे आवाज. पाच धडे झाले होते. वाद्यं आणि कालखंड तर उजळणीच्या नावाखाली इतके झाले होते की मुलांच्या घरच्यांनाही पाठ झाले असतील. सहाव्या धड्यापाशी पुस्तक आलं की मास्तरांना अचानक ट्रम्पेटची आठवण व्हायची.

एरवी मास्तर शिकवायचे मोठे झोकात. त्यांच्याकडे सगळं संगीत नात्यागोत्यात बसवलेलं असे. बरोक काळ म्हणजे कपाटातले सगळे दागिने एकाच दिवशी घालणारी काकू. अभिजात काळ म्हणजे इस्त्रीचा शर्ट घालून सांगितलेल्या वेळेला येणारे आणि सांगितलेल्या वेळेला जाणारे मामा. त्याच्यानंतरचा काळ म्हणजे प्रेमभंग झाल्यापासून केस न कापलेला चुलतभाऊ. आणि आधुनिक काळ म्हणजे दार न वाजवता आत शिरून "तुमच्या खुर्च्या चुकीच्या ठेवल्यात" म्हणणारा जावई. मुलं परीक्षेत हेच लिहीत. तपासणारे परीक्षक डोक्याला हात लावत, पण गुण द्यावेच लागत, कारण उत्तर बरोबर असे.

सहाव्या धड्याला मात्र मास्तर नातेवाईक वापरत नसत, खरीखुरी माणसं आणत. सर्वांत वरचा आवाज, सोप्रानो, शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा. त्याच्या खूप खाली टेनर, तो कार्यालयातल्या कारकुनाचा. हा गृहस्थ बोलताना फायलीमागे लपायचा आणि गाताना खिडक्यांची तावदानं हलवायचा. सगळ्यांत तळाला बास, खुद्द मास्तरांचा, जमिनीखालून कुणीतरी जड टेबल सरकवल्यासारखा. सोप्रानो आणि टेनर यांच्या मधोमध चौथा आवाज, आल्टो. तो भिंतीपलीकडून यायचा.

भिंतीपलीकडे वाद्यांची खोली होती आणि त्या खोलीत मास्तरांची बायको काम करायची. सुटलेले सांधे चिकटवायचे, तारा बदलायच्या, फाटक्या स्वरलिपी नव्या कागदावर उतरवायच्या. तीन बहिणींतली ती मधली, म्हणून माहेरी तिला मधली म्हणत. आवाजही निघाला मधलाच, तेव्हा शाळेतही तेच नाव चिकटलं. वर्गात येऊन गायची तिला लाज वाटे. "हाताला सरस लागलाय," हे एकतीस वर्षांचं ठरलेलं उत्तर. म्हणून मास्तर भिंतीवर डस्टरने तीनदा ठोकत, आणि पलीकडून ग यायचा.

फक्त ग. बास खाली सा धरी, टेनर प, बाई वरचा सा. मधली त्यांच्यामध्ये ग ठेवून देई.

"आता गंमत ऐका," मास्तर मुलांना सांगत. "ग शुद्ध असला की अख्खा मेळ हसतो. तोच ग अर्धी पायरी उतरला की मेळाचे डोळे भरतात. आम्ही तिघं तेच गातोय, तस्सेच. हसायचं की रडायचं हे ठरवते ती. आमच्या घरी पण हाच कायदा आहे."

भिंतीपलीकडून लगेच, "ऐकू येतंय हं मला."

हा विनोद दरवर्षी व्हायचा आणि दरवर्षी नव्याने पिकायचा.

एकदाच, भाजी निवडता निवडता, ती म्हणाली होती, "अहो, मला एकदा वरची ओळ द्या ना. बाईंची. एवढी वर्षं चाल दुसरीच माणसं गातात, मी आपली मध्ये उभी."

"अगं, मग ग कोण धरणार?" मास्तर म्हणाले होते. शेंगेची शीर ओढत ती म्हणाली, "तेही खरंच." आणि विषय संपला. मास्तरांच्या बाजूने तरी.

आठ महिन्यांपूर्वी तिला ताप आला. साधाच आहे म्हणता म्हणता नवव्या दिवशी ती गेली. वाद्यांच्या खोलीला कुलूप लागलं. आत एक व्हायोलिन शिकंज्यात चिकटायला ठेवलेलं होतं, ते तसंच राहिलं.

आता परीक्षा आठवड्यावर आली, तशी मुख्याध्यापिका बाईंनी मास्तरांना कार्यालयात बोलावलं. बाईंचा स्वभाव कडक, पण त्या दिवशी त्या टाचण्यांची डबी उगाच उघडत-मिटत होत्या.

"मुलांना सहावा धडा आला नाही तर परीक्षेला बसवता येत नाही, मास्तर."

"माहीत आहे."

"मी घेऊ का? तुम्ही त्या दिवशी येऊ नका. ग काय, पियानोवर वाजवून दाखवीन."

एवढी वर्षं ज्या जागी ती होती तिथे कुणाचं तरी बोट पडणार, हे काही मास्तरांच्या गळी उतरेना. "पियानो नको," ते म्हणाले. "मीच घेतो. उद्या."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता वर्ग भरला. बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या, कारकून दारापाशी. मास्तरांनी फळ्यावर चार आवाज लिहिले, एकाखाली एक, आणि अक्षर जराही हललं नाही. बाईंनी वरचा सा लावला, कारकुनाने प, मास्तरांनी खालचा सा. आणि मग मास्तरांनी डस्टर उचललं आणि भिंतीवर तीनदा ठोकलं.

ठोकून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

हात भिंतीवरच राहिला. बाईंनी सूर सोडला नाही, कारकुनाने सोडला नाही. मास्तरही तळाचा सा धरून उभे. तिघं दम संपेपर्यंत वाट बघत राहिले. आधी कारकुनाचा दम संपला, मग बाईंचा. मास्तरांचा आवाज शेवटपर्यंत टिकला आणि मग कुणीतरी टेबल सरकवायचं थांबवल्यासारखा बंद झाला.

पोरांना काही कळलं नाही. डस्टरचा पांढरा ठसा भिंतीवर उठला होता, तो सगळी बघत बसली होती. नर्सबाईंनी बाहेरचा पाय हळूच बाकाखाली घेतला.

"मास्तर," त्यांनी विचारलं, आणि आज आवाजात चेष्टा नव्हती, "हे हसरं होतं की रडकं? मी वहीत काय लिहू?"

"कळत नाही, नर्सबाई. ग नसला की कळतच नाही. पोकळ लागतं नुसतं. ते मधली सांगायची."

नर्सबाईंनी लिहिलं, "ग नसला की कळत नाही." परीक्षेला ते उत्तर बरोबरच ठरलं असतं.

धडा खरं तर झाला होता. कारकून दाराच्या कडीला हात घालत होता. मास्तर म्हणाले, "थांबा, आणखी एकदा. बाई, या वेळी वरची ओळ तुम्ही गाऊ नका."

"मग कोण गाणार?"

"तिला पाहिजे होती," मास्तर म्हणाले. "एकदा मागितली होती तिने."

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कारकुनाने प लावला, या वेळी तावदानं न हलवता. मास्तरांनी खालचा सा धरला. मग ते भिंतीकडे वळले, हात उंच केला आणि सर्वांत वरच्या ओळीला सुरुवातीची खूण दिली. दुसऱ्या हाताची बोटं एकेक करत मिटत चार मात्रा पुऱ्या होईपर्यंत त्यांनी तो हात खाली घेतला नाही.